कमरेएवढे पाणी

श्रावणाच्या सुमारास गंगेला पूर येतो (गोदावरीला आम्ही पंचवटीकर गंगाच म्हणतो, आणि भूगोलाच्या मास्तरांनी त्याबद्दल आम्हांला अद्याप माफ केलेले नाही), तेव्हा गंगापूर धरणातून किती हजार क्युसेक विसर्ग चालू आहे याचे आकडे सरकारदरबारातून मोठ्या तत्परतेने जाहीर होतात. परंतु एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे 28 लिटर पाणी, हा हिशेब मांडीत बसण्याइतकी उसंत, ज्याला हंडे-पातेली माळ्यावर चढवायची आहेत त्या भांडीबाजारातल्या दुकानदाराला कोठून असणार? तो एवढेच विचारतो, "मारुतीच्या कुठवर आलंय?"

रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आमचे पूरमापक यंत्र होय. गुडघ्याला पाणी लागले तर पूर पाहायला जावे, कमरेला लागले तर पोरांना मागे ओढावे, छातीला लागले तर दुकान आवरावे, आणि मस्तक बुडाले तर जन्मभर सांगायला एक आठवण पदरी पडली असे समजावे. 1969 च्या पुरावर ज्यांनी आपली वडीलकी आजवर चालवली, त्यांची मक्तेदारी 2008, 2016 आणि 2019 च्या पुरांनी मोडून काढली. दुतोंडी असूनही ज्याच्या शब्दावर अख्खा गाव विसंबतो, असा सार्वजनिक जीवनातला हा एकमेव गृहस्थ असावा.

अशा परंपरेत वाढलेल्या आमच्या इमारतीत गच्चीवरील टाकीसाठी विजेचा पातळीदर्शक बसवण्याचे ठरले, तेव्हा सेक्रेटरींच्या इंजिनियर भाच्याने टाकीच्या तळाशी धन विद्युत्भाराची एक तांब्याची तार सोडली, तिच्या वर निरनिराळ्या उंचीवर आणखी पाच तारा टांगल्या, आणि पाण्यातील क्षारांमुळे त्यातून किंचित प्रवाह वाहतो, तो ट्रान्झिस्टरने वाढवला की जिन्याखालच्या पेटीवरचा त्या-त्या पातळीचा दिवा लागतो, हे आम्हांला सविस्तर समजावून दिले. दिव्यांखाली टक्के लिहावेत असा त्याचा आग्रह होता. "साठ टक्के म्हणजे नेमकं कुठवर रे बाबा?" असे तळमजल्यावरच्या नानांनी विचारताच सभेचा कल फिरला, आणि दिव्यांखाली खालून वर गुडघा, कंबर, छाती, गळा, मस्तक अशी अक्षरे रंगवण्यात आली.

घोटाळा असा, की घाटावर ज्या अक्षराने दुकाने रिकामी व्हायची, त्याच अक्षराने येथे बायकांचे चेहरे उजळू लागले. "गळ्याशी आलंय!" अशी आरोळी जिन्यातून उठली, की चारही मजल्यांवरची धुणी एकदम भिजत पडत, आणि घरी आलेला एखादा परगावचा पाहुणा तेवढ्यात सामान बांधू लागे.

वर्ष सरते न सरते तोच पेटीवर कंबर उजळली, पण गुडघा अंधारात राहिला. मारुती कमरेएवढ्या पाण्यात उभा, आणि गुडघे कोरडे! भाच्याने कारण सांगितले: एकाच दिशेचा प्रवाह सतत पाण्यातून वाहिल्याने विद्युत्-अपघटन होते, धन बाजूचे तांबे झिजते, आणि गुडघ्याची तार अष्टौप्रहर पाण्यात असल्यामुळे तिच्यावर क्षारांचे पांढरे पुट चढते. उपाय दोन. स्टेनलेस स्टीलच्या कांड्या घालून उलटसुलट प्रवाह द्यावा; किंवा झाकणाखालून श्राव्यातीत ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने परततो यावरून पातळी काढावी, म्हणजे पाण्याला स्पर्शच नको. (सोवळ्याची ही कल्पना नानांना मनापासून आवडली.) दिंडोरी रस्त्यावर 1959 पासून नांदणाऱ्या मेरी या पाण्याच्या संशोधनसंस्थेकडे रीतसर अर्ज करावा, ही नानांची सूचना मात्र, तेथे धरणांखालचे प्रश्न घेत नाहीत या सबबीवर फेटाळण्यात आली.

खर्चाचा आकडा कळल्यावर सभेत शास्त्राची चर्चा थांबली. रामकुंडात मारुतीचे पाय बहुधा ओलेच असतात, सबब गुडघ्याचा दिवा परस्पर विजेला जोडून कायम पेटता ठेवावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. आणि आता टाकी ठणठणीत कोरडी पडली तरी पेटी इमानेइतबारे गुडघाभर पाण्याचा दाखला देते, तो दाखवून वॉचमन तक्रारदारांना परत पाठवतो.