अण्णांच्या ओळखीचे

रविवारी सकाळी आमच्या उडुप्याच्या दारात नावं लिहायची वही असते. बाकीचे निमूट नाव लिहून फुटपाथवर थांबतात. ओळखवाले काका वहीकडे ढुंकूनही बघत नाहीत. ‘अण्णा आहेत ना?’ म्हणत थेट आत शिरतात आणि खाणाऱ्या एखाद्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहतात. त्याच्या ताटलीत डोसा किती उरलाय यावर नजर. तो बिचारा शेवटचे घास न चावताच गिळतो.

हा नमुना प्रत्येक हॉटेलात असतो. गिऱ्हाईक हाक कशी मारतं यावरूनच वेटरला पुढचं कळतं. शुकशुक करणाऱ्याला नुसती घाई असते. ‘बॉस’ म्हणणाऱ्याकडून टिपेची थोडी आशा असते. पण ‘काय रे, ओळखलंस ना?’ म्हणणाऱ्यापासून सुटका नाही. मी ‘हो काका’ म्हणतो. माझ्या डोक्यात चेहरे राहत नाहीत, टेबलं राहतात. काका म्हणजे सहा नंबर, इडली-सांबार.

मेन्यूकार्ड ते उघडत नाहीत. ‘आज काय विशेष?’ मग मी रवा डोशापासून बिसीबेळे भातापर्यंत सगळं एका दमात म्हणतो. काका भजन ऐकावं तसं डोळे मिटून ऐकतात आणि इडली सांगतात. ती आली की तिला हात नाही. आधी सांबाराची वाटी तोंडाला लावून रिकामी. ‘जरा गरम आण.’ दुसरीही तशीच. तिसऱ्या वाटीत इडली बुडते. सांबाराला आम्ही पैसे लावत नाही, तेव्हा तक्रार असलीच तर माझ्या पायांची. वर ज्ञान फुकट : माटुंग्याला रामा नायकांनी 1942 साली बोर्डिंग काढलं, ‘तेव्हापासून या लोकांशी आपला घरोबा!’ काका फार तर पासष्टीचे असतील. पण हिशेब कधी करणार? आठ नंबरला अजून पाणीही गेलेलं नसतं.

खाणं झालं की ताटलीतच हात धुतात. वर टिश्यू बुडवून ठेवतात. ती ताटली न सांडता उचलून दाखवावी कोणी.

परवा गणपतीत निम्मी मुलं गावी गेलेली. खांद्यावर फडकं टाकून अण्णा स्वतःच सहा नंबरला पाणी द्यायला गेले. काकांसोबत त्या दिवशी पाहुणे होते. मान वर न करता काका म्हणाले, ‘अण्णांना सांग, मी आलोय. चटणी मोठ्या वाटीत पाठवा म्हणावं.’

‘सांगतो साहेब.’ अण्णा गल्ल्यापर्यंत गेले, परत आले. ‘सांगितलं. हो म्हणाले.’

‘म्हणणारच,’ काका पाहुण्यांना म्हणाले, ‘जुना स्नेह.’

बिल आल्यावर चष्मा चढला. ‘सर्व्हिस चार्ज नाही ना लावलास? परस्पर लावायचा नाही असं सरकारने 2022 सालीच सांगितलंय.’ आमच्या बिलात तो कधीच नव्हता. होता तो अडीच अधिक अडीच टक्के जीएसटी. ‘हा ओळखीतल्यांनाही?’

अण्णांनी बडीशेप पुढे केली. काकांनी मूठभर तोंडात टाकली, मूठभर कागदात बांधली आणि उठताना अण्णांच्या हातावर पाचाचं नाणं ठेवलं. ‘ठेव तुला. मालकांना बोलू नकोस.’

रात्री टिपा वाटताना आम्ही ते पाच रुपये डब्यात टाकायला सांगितले. अण्णांनी साफ नकार दिला. ‘सहा नंबर माझं होतं,’ म्हणाले.