अप्पा विरुद्ध ब्लूटूथ

कोकणातला माणूस भांडखोर, असं घाटावर म्हणतात. तपशिलात चूक आहे. भांडायला घसा लागतो आणि संध्याकाळपर्यंत भांडण मिटण्याचा धोका असतो. कोकणातला माणूस दावा लावतो. हातभर बांधाचा दावा आजोबा लावतात, वडील तारखांना जातात आणि नातवाला तो सातबाऱ्यासकट वारसाने मिळतो. अलीकडे मात्र या क्षेत्रात मंदी आहे. चुलत्यांची पोरं ठाणे-डोंबिवलीत स्थायिक झाली. गणपतीला येतात, मोदक खातात आणि बांधाकडे ढुंकूनही न बघता परत जातात. समोर पक्षकारच नसेल तर दावा लावायचा कोणावर? एवढी पिढीजात चिकाटी वाया जाते की काय, अशी काळजी वाटू लागली होती, तेवढ्यात तिला नवं क्षेत्र सापडलं. ती लिनक्सकडे वळली.

हा नवा दावेदार रत्नागिरीत आता बऱ्यापैकी रुजला आहे. नाचण्यात, शिरगावात, कुवारबावला एखादा तरी हमखास भेटतो. सोयीसाठी त्याला अप्पा म्हणू. कुठल्याही आळीत या हाकेला दोघे तरी ओ देतात. वय पासष्टीच्या पुढे, टेलिफोन खात्यातून निवृत्त, खिशात पेनच्या जागी टेस्टर. पावसच्या वाटेवर वडिलांच्या हातची हापूसची कलमं, आणि मुलगा पुण्यात.

तंट्याचं मूळ या मुलाने दिवाळीला आणून दिलं. रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू नावाचा दोन बोटं रुंदीचा बोर्ड, त्याला तापमान आणि दमटपणा मोजणारा सेन्सर, आणि बिल्डरूट वापरून नेमकी गरजेपुरती बांधलेली लिनक्स. हेतू चांगला होता. मोहराच्या दिवसांत हवा ढगाळ-दमट झाली की तुडतुडे आणि भुरी आलीच; बागेतले आकडे घरबसल्या कळले तर फवारणी वेळेवर करता येईल. बोर्ड बागेतल्या जांभ्याच्या खोपीत राहणार, बाहेर फांदीला पिशवीत सिम घातलेला जुना अँड्रॉइड फोन लटकणार, आणि बोर्डाने त्या फोनचं इंटरनेट ब्लूटूथवरून उचलायचं. वायफाय हॉटस्पॉट का नाही? तर तो वीज जास्त खातो, आणि सगळा कारभार छोट्या सोलर पॅनलवर. ब्लूटूथचा वेग कमी. पण दर दहा मिनिटांनी दोन आकडे पाठवायला कितीसा वेग लागतो? हे मुलाने दिलेलं कारण. अप्पांचं कारण वेगळं होतं. “हॉटस्पॉट काय, कोणीपण लावील.”

बिघाड शोधण्याची अप्पांची पद्धत खात्यातली आहे. लाइन मुकी झाली की मधल्या खांबावर चढायचं, दोन्ही बाजूंना ऐकायचं, जी बाजू मुकी ती पुन्हा अर्धी करायची. ब्लूटूथने पहिल्याच दिवशी त्यांची पंचाईत केली, कारण इथे खांबच नाहीत. त्यातून हा प्राणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतो. “सेकंदाला सोळाशे बदल्या!” अप्पा म्हणाले, “आमच्या खात्यातसुद्धा एवढा छळ नव्हता.” पण मग त्यांना उमगलं की खांब आहेत, फक्त दिसत नाहीत. रेडिओ, जोडणी, नेटवर्क, पत्ता, नाव, वेळ. एकेका खांबावर चढायचं आणि कान लावायचा.

पहिल्या खांबावर रेडिओच गप्प होता. रेडिओची स्थिती सांगणाऱ्या आरएफकिल या आज्ञेने जबाब दिला, की ब्लूटूथला सॉफ्टवेअरने मनाई केली आहे. “मनाई हुकूम! आणि आम्हाला नोटीस नाही!” हुकूम उठवला. मग ब्लूटूथ-सीटीएल उघडून त्यांनी फोन हुडकला, पेअर केला. दोन्हीकडे सहा आकडे दिसले, जुळले, होकार झाला. काकूंना वाटलं, संपलं. त्यांनी चहा टाकला.

“अगं, पेअर झालं म्हणजे सातबाऱ्याला नाव लागलं,” अप्पांनी समजावलं. “ताबा कुठे मिळालाय?”

हे त्यांचं म्हणणं तंत्रज्ञानाच्या पुस्तकांपेक्षा स्वच्छ आहे. पेअर म्हणजे नोंद. ट्रस्ट म्हणजे पुढच्या वेळी चौकशी न करता आत घेण्याची मुभा. कनेक्ट म्हणजे प्रत्यक्ष ताबा. आणि एवढं होऊनही इंटरनेट मिळतंच असं नाही, कारण त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ टेदरिंग वेगळं चालू करावं लागतं. फोन एकदा बंद होऊन चालू झाला की ही परवानगी बहुधा आपोआप रद्द होते. फोन तर फांदीवर. त्यामुळे शिडी घेऊन कलमावर चढणारे अप्पा पाहून शेजारी विचारू लागले, “काय अप्पा, यंदा काढणी लवकर?”

टेदरिंग चालू झालं तरी बोर्ड नेटवर्क बनवीना. या जोडणीसाठी लिनक्सला बीनेप नावाचं मॉड्यूल लागतं. ते कर्नलमध्ये चढलं की बीनेप-झिरो असा नवा इंटरफेस उगवतो. मुलाने लिनक्स गरजेपुरती बांधली होती आणि गरजेत हे मॉड्यूल धरलं नव्हतं. अप्पांना हे समजलं ते कर्नलच्या नोंदी वाचून. या नोंदी ते वहीत उतरवून घेतात. खात्याच्या जुन्या डायऱ्या शिल्लक आहेत, त्यांत एका पानावर रबरी शिक्का आणि खाली बीनेपचा जबाब असा मजकूर आढळतो. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, आधी एकदा रीस्टार्ट करून बघा.” अप्पांचा आवाज थंड झाला. “रीस्टार्ट म्हणजे पुरावा नष्ट करणं.” आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. त्या नोंदी मेमरीत असतात, वीज गेली की गेल्या.

मुलाने नवीन लिनक्स बांधून पाठवली. बीनेप-झिरो उगवला, पण त्याला पत्ता नव्हता. पत्ता मागणारा प्रोग्राम वेगळा चालवावा लागतो, तो चालवला. जुन्या अँड्रॉइडच्या रिवाजाप्रमाणे १९२.१६८.४४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला. ८.८.८.८ ला हाक मारली, ओ आली. नावाने हाक मारली, कोणी ओळख देईना. नावांवरून पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरची नोंद फाइलमध्ये नव्हती. “गावात राहतो, पण पोस्टमनला माहीत नाही,” म्हणत अप्पांनी तीही केली.

दरम्यान मोहर आला होता. फवारणी कधी करायची हे बागेतल्या नेपाळी राखणदाराने मोहराकडे बघून ठरवलं आणि करूनही टाकली. हाच राखणदार खोपीच्या पायरीवर बसून रोज संध्याकाळी गावच्या मंडळींशी व्हिडिओ कॉल करत असे. त्याने भीत भीत सुचवलं, “साहेब, माझा हॉटस्पॉट घ्या ना.” अप्पा नाही म्हणाले. दुसऱ्याच्या जमिनीतून वाट घेतली की पुढे वहिवाटीचा प्रश्न निघतो. मुलगाही म्हणाला, की सिमवाला राउटर पाठवतो, विषय मिटवा. “तडजोड? कोर्टाबाहेर?” एवढंच अप्पांनी विचारलं.

काकूंचा या प्रकरणातला सहभाग साक्षीदाराचा. खोपीच्या दारात त्या उभ्या राहिल्या की जोडणी तुटे, बाजूला झाल्या की लागे. अप्पांनी हे तीनतीनदा तपासलं. आधीच मध्ये जांभ्याची जाड भिंत, त्यात मोकळ्या हवेत धड दहाएक मीटरचा पल्ला, आणि उरलासुरला सिग्नल माणसाचं शरीर अडवतं.

“बाजूला हो. तुझ्यात पाणी आहे.”

“चाळीस वर्षांनी कळलं का हो, माझ्यात पाणी आहे ते!”

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचं, हे कळल्यावर अप्पांनी मान हलवली. परदेशी राजांचं रत्नागिरीला अप्रूप नाही. ब्रह्मदेशच्या थिबाला इंग्रजांनी इथे १८८६ मध्ये आणून ठेवलं. १९१० मध्ये राजवाडा बांधून झाला, १९१६ मध्ये राजा इथेच वारला. मधल्या काळात, १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात. “बघा,” अप्पा म्हणतात, “मंडालेचा माणूस इथे, इथला माणूस मंडालेत. पेअरिंग पूर्ण. कनेक्शन शून्य. इंग्रजांना टेदरिंग चालूच करायचं नव्हतं.”

सगळ्यात देखणी सुनावणी मात्र शेवटची. जोडणी लागली, पत्ता मिळाला, नावं कळू लागली, आणि तरी आकडे पोचेनात. बोर्डाचं म्हणणं असं, की समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून वैधच झालेलं नाही. मुलाने तिकडून शपथेवर सांगितलं, की प्रमाणपत्र चोख आहे. अप्पांनी बोर्डाला तारीख विचारली. उत्तर आलं: गुरुवार, १ जानेवारी १९७०.

या बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. वीज आली की त्याची कालगणना युनिक्सच्या शून्यापासून सुरू होते, आणि १९७० मध्ये बसलेल्याला आजचं प्रमाणपत्र भविष्यातलं वाटणारच. अप्पांना इतका आनंद पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता. “सत्तर साली आमच्या वाडीत दिवा नव्हता आणि हा इंटरनेट मागतोय!” मग हिशेब घातला. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे हा पंचवीस वर्षं आधीच रांगेत येऊन उभा. “रत्नागिरीत जन्म गेला, पण तारीख न मिळालेला पक्षकार पहिल्यांदाच पाहिला.” इलाज सोपा होता. जोडणी लागल्याबरोबर आधी इंटरनेटवरून वेळ विचारून घ्यायची. वेळ सांगणारा सर्व्हर प्रमाणपत्राचा घोळ घालत नाही. त्यानंतर आकडे पाठवायचे.

असल्या माणसांना लोक हसतात. हसावं, पण एक गोष्ट मान्य करावी. दिवे गेले की गावभर आधी गुन्हेगार ठरतो आणि मग फ्यूज बघितला जातो. अप्पांनी या सबंध प्रकरणात फोनला शिवी दिली नाही, मुलाला दोष दिला नाही, आणि दोन गोष्टी एकाच वेळी कधी बदलल्या नाहीत. यंत्र विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतं, म्हणून प्रश्न नीट विचारला पाहिजे, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. बांधाच्या दाव्यात एवढी सभ्यता दाखवली असती तर चुलत्यांशी बोलणं राहिलं असतं.

आकडे येऊ लागले. दर दहा मिनिटांनी, बिनचूक. काकू फोन उघडून बघायच्या आणि “अहो, अंगणात गेलं की एवढंच कळतं” म्हणायच्या. अप्पा मात्र सुकत चालले. सकाळी चहा घेऊन डायरी उघडायचे, लिहायला काही नसायचं. मारुती मंदिरापाशी मित्र भेटले की “काय म्हणतोय ब्लूटूथ?” याला “चालू आहे” एवढंच उत्तर, आणि दोन शब्दांवर रत्नागिरीत कोणी कट्टा सोडत नाही.

पंधरवड्यात त्यांनी बोर्डाचं कार्ड काढून घरी आणलं.

“अहो, चाललं होतं ना चांगलं?”

“चालत होतं. पण फोन आपला आपण बंद होऊन चालू झाला, तरी टेदरिंग सुटलं नाही. ते का सुटलं नाही?”

“नाही सुटलं तर बरंच की!”

“निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून काय झालं? निकालाची कारणं पटली नाहीत.” अप्पांनी टेस्टर खिशात खोवला आणि डायरीचं नवीन पान काढलं. “अपील करतोय.”