थेट तिसऱ्या वर्षाला

कॅलिफोर्नियातल्या आमच्या मराठी वर्तुळात स्वस्तात मिळालेल्या वस्तूची किंमत कुणी न विचारताच सांगितली जाते. कॉस्टकोतली गादी, ब्लॅक फ्रायडेचा टीव्ही, दोन ठिकाणी विमान बदलत जाणारं मुंबईचं तिकीट. ‘कितीला पडलं असेल, सांग!’ इथूनच गप्पांना सुरुवात. एकाच गोष्टीचा स्वस्तपणा मात्र झाकून ठेवायचा असतो, तो म्हणजे मुलाच्या कॉलेजचा.

आमचा मुलगा बारावीनंतर डी आन्झा कॉलेजात गेला. कूपरटिनोतलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. घरून सायकलने निघाला की पहिल्या तासाला आरामात पोचायचा. फी युनिटला ३१ डॉलर. दोन वर्षांची ९० युनिटं धरली तर २,७९० डॉलर, वर किरकोळ शुल्क आणि पुस्तकं. त्याच सुमारास एका लांबच्या राज्यातल्या खासगी कॉलेजनेही त्याला प्रेमाने बोलावलं होतं. त्यांच्या पत्रात ‘अभिनंदन’ मोठ्या अक्षरात होतं आणि वर्षाचे साठ हजारांहून जास्त डॉलर लहान अक्षरात. मुलाने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून फ्रिजवर लावले आणि झोपायला गेला.

आमच्या राज्यातल्या नामवंत विद्यापीठांनी त्याला फ्रेशमन म्हणून, म्हणजे पहिल्या वर्षाला, नाकारलंच होतं. त्यात त्याचा काही दोष नाही. आमच्या भागातल्या हायस्कुलात सगळीच मुलं हुशार असतात, त्यामुळे नुसत्या हुशार मुलाला कुणी विचारत नाही. त्याच्या जोडीला एखादी स्वयंसेवी संस्था किंवा वयाच्या पंधराव्या वर्षी लिहिलेला शोधनिबंध लागतो. आमच्याकडे तबल्याच्या दोन परीक्षा होत्या.

बातमी फुटली ती गणपतीच्या पॉटलकला. मसालेभाताचा डाव हातात धरून एका मैत्रिणीने विचारलं, ‘मग, कुठे ठरलं?’ मी सांगितलं. डाव हवेतच थांबला. ‘अगं, काही हरकत नाही,’ ती म्हणाली. आपल्याकडे ‘काही हरकत नाही’ हे हरकत असल्याशिवाय कुणी म्हणत नाही. ‘हल्ली बरेच जण करतात.’ बरेच जण म्हणजे कोण, हे आठवायचा तिने खरंच प्रयत्न केला, पण नाव काही निघेना. मग विषय सावरायला म्हणून तिने विचारलं, ‘कॉम्प्युटर सायन्सच ना?’

‘सिव्हिल.’

तिने माझ्या ताटात आणखी एक मोदक वाढला.

आनंद झाला तो फक्त सासूबाईंना. त्या सांगलीला विश्रामबागेत राहतात आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटतात. ‘घरापासून किती लांब?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. ‘सायकलवर जातो, आई.’ ‘दुपारी जेवायला घरी?’ ‘हो, येतो.’ ‘फी?’ मी सांगितली. त्यांनी ८५ने गुणलं (डॉलरचा भाव त्यांना माझ्याआधी कळतो) आणि समाधानाने मान हलवली. ‘नशीब काढलं पोराने. एवढ्या लांब जाऊन शेवटी जवळचंच कॉलेज मिळालं.’

नवऱ्याचं मात्र बिनसलं होतं. काही दिवस पार्ट्यांना जायचं तो टाळत राहिला. मग कुठूनसा त्याला स्टीव्ह वॉझनियाक सापडला. ॲपलचा हा सहसंस्थापक कोलोरॅडोतून परत आल्यावर डी आन्झात शिकला आणि तिथून बर्कलीत गेला. हे कळल्यापासून नवरा पुन्हा पार्ट्यांना जायला लागला. कुणी ‘मुलगा कुठे असतो?’ विचारलं की उत्तर वॉझनियाकपासून सुरू व्हायचं. मग १९८४ साली स्टीव्ह जॉब्सने पहिला मॅकिंटॉश दाखवला तो याच कॉलेजच्या फ्लिंट सेंटरमध्ये, हे यायचं. मुलाचा नंबर लागेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या टेबलावर गेलेला असायचा.

‘बाबा, तुला माहितीये का,’ एकदा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘वॉझनियाकला बर्कलीची डिग्री १९८६मध्ये मिळाली. कंपनी काढून, श्रीमंत होऊन झाल्यावर. आणि तीही रॉकी रॅकून क्लार्क या नावाने.’

नवऱ्याने त्यानंतर डिग्रीचा भाग गाळला.

खरी गंमत पुढेच आहे. नवरा स्वतः दहावीनंतर डिप्लोमाला गेलेला. तीन वर्षं तंत्रनिकेतनात कानशीने लोखंड घासून, मग मार्कांच्या जोरावर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला. वर्गातली बारावी करून आलेली पोरं यांना ‘डिप्लोमावाले’ म्हणायची. वर्कशॉपमध्ये डिप्लोमावाल्यांच्या मागे मागे फिरायची आणि एम-थ्रीच्या तासाला, ज्यांनी एम-वन आणि एम-टू पाहिलेलंच नाही अशा त्या बिचाऱ्यांची मजा बघायची. लिंक्डइनवर नवऱ्याचं आयुष्य बी.ई.पासून सुरू होतं. त्याआधीची तीन वर्षं तो बहुधा हिमालयात असावा.

सासूबाईंनी एका रविवारी सहज बोलता बोलता हे सगळं नातवाला सांगून टाकलं.

‘बाबा, तू ट्रान्सफर स्टुडंट होतास?’

‘ट्रान्सफर नाही रे. डायरेक्ट सेकंड इयर.’

‘म्हणजे ट्रान्सफर.’

‘आमच्याकडे मेरिटवर होतं ते!’

‘आमच्याकडेही जीपीएवर आहे.’

आणि तसं ते आहेच. यामागे योजना आहे, तीही १९६०ची. क्लार्क कर नावाचे गृहस्थ तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात राज्याने ठरवलं की हायस्कुलातल्या वरच्या एक-अष्टमांश मुलांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांसाठी स्टेट कॉलेजं आणि बाकी ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकासाठी दोन वर्षांची कॉलेजं. मात्र तिथे चांगलं शिकलेल्याला वर, थेट तिसऱ्या वर्षाला जायची वाट खुली. तीच ट्रान्सफर. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. दोन फ्रेशमनांमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा, असं विद्यापीठाचं धोरणच आहे. त्यामुळे त्याच्या यूसीएलए कॅम्पसमध्ये शंभर फ्रेशमन अर्जांपैकी नऊ-दहांना प्रवेश मिळतो, तर ट्रान्सफरच्या अर्जांत साधारण चारातल्या एकाला. एसएटीचे गुण कुणी बघत नाही. अठराव्या वर्षी वाजलेले बारा विसाव्या वर्षी दुरुस्त होतात, एवढं दयाळू सरकारी धोरण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

पण सरकारी दया म्हटली की कागद आलेच. इथे असिस्ट नावाचं संकेतस्थळ आहे. डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा. मॅथ वन-ए ते वन-डी, फिजिक्स फोर-ए, फोर-बी. कुठे ‘हे दोन्ही’, कुठे ‘यांपैकी एक’, आणि मधूनच ‘समतुल्य विषय नाही’. एकच सिव्हिल इंजिनिअरिंग, पण डेव्हिसची यादी निराळी, बर्कलीची निराळी. नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून याची एक्सेल शीट केली. हिरवा म्हणजे झालं, पिवळा म्हणजे चालू, लाल म्हणजे वर्ग भरलेला, वेटलिस्टवर. आमच्या घराच्या कर्जाची शीट एवढी रंगीत नाही. आमटीचा एक डाग त्या काळात कीबोर्डवर पडला, तो अजून ‘टी’ या अक्षरावर आहे.

मग टॅग. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे यूसीचे, सहा कॅम्पस असे आहेत, की ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी पार पाडले तर ते प्रवेशाची लेखी हमी देतात. हमी एकाचकडून घ्यायची. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो असली हमी देत नाहीत. मुलाने डेव्हिसची घेतली. डेव्हिस म्हणजे शेतकी विद्यापीठाभोवती वाढलेलं गाव, तिथे सायकली आहेत आणि आवारात गोठेही आहेत. ‘गाई आहेत?’ सासूबाई म्हणाल्या. ‘मग दुधाची सोय झाली.’

अर्जात चार छोटे निबंध. प्रत्येकी ३५० शब्दांत मावायचं. निवडलेल्या विषयाची तयारी कशी केली, हा प्रश्न सक्तीचा. बाकीच्या सातांतून तीन निवडायचे. त्यातला एक, तुमच्यापुढचं सर्वांत मोठं आव्हान.

‘गरिबी लिही,’ नवऱ्याने सुचवलं.

‘आपण गरीब नाही, बाबा.’

‘मी होतो की!’

शेवटी मुलाने आपल्या फिजिक्सच्या लॅब पार्टनरबद्दल लिहिलं. हा चाळिशीतला गृहस्थ रात्रपाळी संपवून थेट लॅबला यायचा, डोळ्यांत झोप आणि डब्यात भात. पहिल्या दिवशी आमच्या चिरंजीवांनी संस्काराप्रमाणे त्याला ‘अंकल’ म्हटलं. अंकलने मग पूर्ण क्वार्टर प्रयोगाच्या नोंदी याच्याकडूनच लिहून घेतल्या, आणि बदल्यात याला सोल्डरिंग शिकवलं. त्या वर्गात नोकरी गेलेली एक बाई होती, सैन्यातून परतलेला एक मुलगा होता, हायस्कुलात शिकणारी एक चुणचुणीत मुलगी होती. तबल्याच्या परीक्षा तिथे कुणीच विचारल्या नाहीत. माझ्या मते मुलगा त्या खोलीत जेवढा शहाणा झाला तेवढा हायस्कुलाच्या चार वर्षांत झाला नव्हता. अर्थात हे मत मी पॉटलकमध्ये मांडत नाही.

अर्ज नोव्हेंबरात गेला. जानेवारीत पुन्हा ताजे ग्रेड भरायचे. डेव्हिसचं ठरल्याप्रमाणे आलं. एप्रिलच्या अखेरीस मुलगा खोलीतून बाहेर आला, फ्रिजमधून दही काढलं आणि म्हणाला, ‘बर्कलीचं झालं.’ नवऱ्याने त्याला मिठी मारली, मग मला, मग लॅपटॉप उघडून शीटमधला शेवटचा चौकोन हिरवा केला. दही जमिनीवर.

बर्कलीच्या बातमीला गणपतीपर्यंत थांबावं लागलं नाही. त्याच आठवड्यात मसालेभातवाल्या मैत्रिणीचा फोन आला. आवाज घुमत होता. ती गॅरेजमध्ये, गाडीत बसून बोलत होती, कारण घरात तिचा मुलगा, नवरा आणि पाहुणे होते. आधी अभिनंदन. मग हवापाणी. मग एकदम खालच्या पट्टीत, ‘ते असिस्ट म्हणजे दोनदा एस ना गं? आणि युनिटला कितीला म्हणालीस?’

मी सांगितलं. नवऱ्याची शीटही पाठवली. ती हल्ली या भागात बरीच फिरते, असं कानावर येतं. ती उघडताना प्रत्येकाने गॅरेजमध्ये जायचा प्रघात पडला असावा.

रविवारी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

‘आधीचं कॉलेज वाईट होतं का?’

‘नाही हो आई, चांगलंच होतं.’

‘मग हे किती लांब?’

‘तासभर. ट्रॅफिक लागला तर दोन.’

‘जेवायला?’

‘तिथेच, डायनिंग हॉलमध्ये.’

‘आणि फी?’

राहण्याजेवणासकट वर्षाचे चाळीस हजार डॉलरच्या पुढे जातील, असं मी सांगितलं. त्यांनी ८५ने गुणायला सुरुवात केली, मध्येच सोडून दिलं आणि स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन विचारलं, ‘मार्क कमी पडले का गं त्याला?’

मी समजावलं, नवऱ्याने समजावलं, मुलाने तर वॉझनियाकपासून समजावलं. त्या हो-हो म्हणाल्या. पुढच्या रविवारी कॉल लागला तेव्हा शेजारच्या काकू त्यांच्याकडे बसल्या होत्या आणि सासूबाई त्यांना धीर देत होत्या, ‘नाही हो, पोरगा हुशार आहे. मिळेल पुढच्या वर्षी परत जवळचं.’