दलाल म्हणायचं नाही

शेअर बाजाराच्या रस्त्याला दलाल स्ट्रीट म्हणतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तिथल्या माणसाला मात्र दलाल म्हणून बघा! तो ब्रोकर. मार्केट यार्डात अडत्या, आरटीओबाहेर एजंट, फ्लॅटच्या व्यवहारात महारेराचा नोंदणी क्रमांक मिरवणारा सल्लागार. लग्न टिकलं तर मध्यस्थ, बिनसलं तर ‘तो मेला’.

गुरांच्या बाजारात दलाल अजून दलालच. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. बैलाचा मालक शेजारीच उभा, आणि आकडा ठाऊक उपरण्याला.

२०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला सांगितली. लगेच व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. शेतकऱ्याच्या खिशातून जात होती, तोवर ती ‘सेवा’ होती म्हणे.