एकीनं लावावं, दहा जणींनी बोलावं

बहुतेक दागिने घालणारीला स्वतःला निदान दिसतात तरी. पाटल्या दिसतात, अंगठी दिसते, मंगळसूत्र हाताशी येतं. परफ्युमचं तसं नाही. लावून थोडा वेळ गेला की तो आपल्या अंगावर आहे हे लावणारी विसरून जाते, आणि पंगत उठून विडे खाऊन होईपर्यंत तो वागवतात आजूबाजूचे. ज्यांच्या अंगावर न विचारता दागिना चढवला, ती माणसं त्याबद्दल बोलणारच.

आमच्या घराण्यात सध्या ज्या परफ्युमबद्दल बोललं जातं, त्याचं नाव एंजल. माझ्या धाकट्या जावेचा तो जीव की प्राण. तिचा भाऊ दुबईहून येताना विमानतळावर घेऊन येतो. निळसर पाणी, पाच टोकांच्या चांदणीची बाटली, आणि ती चांदणीही सरळ उभी नाही, जरा कललेली. सकाळी ऑफिसला जाताना ती साधं काहीतरी मारते. एंजल निघतो तो संध्याकाळी, जरीची साडी निघाली की मगच. बाटली ठेवायची जागाही साड्यांच्या कपाटात, पैठणीच्या खालच्या खणात.

पुतण्याच्या रिसेप्शनला ती हॉलमध्ये शिरली आणि पाच मिनिटांत अभिप्राय सुरू झाले. आत्याबाई म्हणाल्या, "कुणाच्या पिशवीत चॉकलेट वितळलंय बघा गं, साड्यांना लागेल." मामेसासूबाईंना पुरण आठवलं, तेही गूळ जरा करपलेलं. दहावीतली भाची खुशीत ओरडली, "काकू, बुढ्ढी के बाल!" नणंदेच्या यजमानांचं औषधांचं दुकान आहे, त्यांनी मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं नाव घेतलं, तेही कंपनीसकट. आणि मोठ्या नणंदबाई, ज्यांना कुणाचंच काही पटत नाही, त्यांनी नाक वर करून हुंगलं आणि निकाल दिला, "गोड कसला? जुनं कपाट उघडल्यासारखा येतोय."

गंमत अशी की यातल्या एकाचंही चुकलेलं नाही.

एंजल बाजारात आला 1992 साली, पॅरिसमध्ये. काढला थिअरी म्यूग्लर या कपडेवाल्यानं. त्याचे कपडे म्हणजे रुंद खांदे, आवळलेली कंबर, बाई चालून आली की रणरागिणीच आल्यासारखं वाटावं असा थाट. असा माणूस सुगंध काढणार तर त्यात तलवारीचं पाणी असेल असं कुणालाही वाटलं असतं. पण त्याला हवी होती लहानपणची जत्रा. स्ट्रासबुर्ग गावचा हा पोरगा, आणि त्याच्या आठवणीत जत्रेतली साखर, कॅरॅमल आणि चॉकलेट. हे सगळं बाटलीत बसवायचं काम ऑलिव्हिए क्रेस्प यांच्याकडे आलं. हे गृहस्थ ग्रासचे. सुगंधाच्या धंद्यात ग्रासचं नाव आपल्याकडच्या कनौजसारखं घेतात.

तर बुढ्ढी के बाल कुठून आले? तो वास ज्या द्रव्याचा, त्याचं नाव इथाइल माल्टॉल. पांढरी भुकटी, वास थेट तापलेल्या साखरेचा. खाण्याच्या पदार्थांत ती आधीपासून वापरली जात होती. क्रेस्पनी ती परफ्युममध्ये अशा हातानं घातली, की भाचीला जत्रेचा पाळणाच दिसावा. चॉकलेट आणि कॅरॅमल तर त्या बेतातलेच होते, तेव्हा आत्याबाईंना पुरे मार्क. पुरण आणि करपलेला गूळ म्हणजे तरी काय, तापलेली साखरच. मामेसासूबाई फक्त ती मराठीत हुंगत होत्या. खोकल्याच्या औषधात लालबुंद फळांचा जो वास घालतात, त्याच जातीची फळं एंजलमध्येही आहेत.

राहिलं नणंदबाईंचं कपाट. नुसती साखर घातली असती तर परफ्युम लहान मुलांचा झाला असता, म्हणून क्रेस्पनी तिच्यासमोर पॅचौली उभी केली. ही तुळशीच्या कुळातली वनस्पती. पानं वाळवून तेल काढतात, आणि आज त्यातलं बहुतेक तेल इंडोनेशियातून येतं. आपल्याकडे गजऱ्यात मरव्याबरोबर जी पाच घालतात, ती हिची सख्खी बहीण. वास मातकट, लाकडी, थोडा कापरासारखा. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला जायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांत हीच पानं घालत. तिकडच्या बायका शाल हुंगून खरी-खोटी ओळखायला लागल्या. मग तिथल्या नकली शाली विणणाऱ्यांनी काय केलं, तर पानंच मागवली आणि नकली शालींना अस्सल वास लावला. म्हणजे पॅचौलीचा वास हा खरोखरच कपाटाचा, घडी घातलेल्या उंची कापडाचा वास. नणंदबाईंना हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी काय वेगळं म्हटलं?"

एका बाटलीत जत्रा आणि कपाट एकत्र कोंडल्यावर भांडण होणारच. कुणाचं नाक जत्रेकडे जातं, कुणाचं कपाटाकडे. आणि त्यातही कोण किती वाजता भेटलं यावर बरंच अवलंबून. परफ्युममधली हलकी द्रव्यं आधी उडून जातात आणि जड द्रव्यं तळाशी बसून राहतात. लिफ्टमध्ये सात वाजता जी भेटली तिला फळं आणि साखर मिळाली. साडेदहाला आइस्क्रीमच्या रांगेत मागे उभी होती तिच्या वाट्याला पॅचौली आणि व्हॅनिला आलं. दोघी घरी जाऊन एकाच परफ्युमबद्दल बोलतात आणि एकमेकींना खोटं ठरवतात.

त्यात नाकं सारखी नाहीत. सगळ्यांना एकच नाक वाटून दिलंय अशी आपली समजूत असते, पण तसं नाही. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात, आणि त्यांचा संच माणसागणिक थोडाथोडा बदलतो. या ग्राहकांचा माग काढल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना 2004 चं नोबेल मिळालं. पुढे 2007 मध्ये एक मजेशीर गोष्ट समोर आली. घामात अँड्रोस्टेनोन नावाचं एक द्रव्य असतं. काहींना त्याचा वास लघवीसारखा येतो, काहींना व्हॅनिलासारखा गोड, आणि काहींना तो येतच नाही. हा फरक बऱ्याच अंशी एका जनुकावर ठरतो असं तेव्हा दिसून आलं. म्हणजे एकाच माणसाच्या शेजारी तिघं बसले तर एक नाक दाबेल, एक जवळ सरकेल आणि तिसरा विचारेल, काय झालं? यानंतर "तुला वासातलं काही कळत नाही" हे वाक्य नवऱ्याला ऐकवताना जरा जपूनच ऐकवावं.

हवेचंही आहे. एंजलची संध्याकाळ पॅरिसमध्ये ठरली. थंड हवा, अंगावर कोट, कोटाखाली परफ्युम दबून बसलेला, आणि नाटकगृहात कोट उतरवला की हळूच बाहेर येणारा. हाच परफ्युम दादरला मे महिन्यात लावला तर त्याला दबून बसायला जागाच नसते. घामाबरोबर तो एकदम वर येतो. त्यात परतीची लोकल. लेडीज डब्यात एक बाई मेथी निवडतेय, एकीच्या केसांत सकाळचा मोगरा शिळा झालाय, तिसरीनं खारे शेंगदाणे उघडलेत, आणि मधोमध जरीची साडी नेसलेली एंजल लावलेली बाई. तिथे परफ्युम कुठला, मेथी कुठली, हे सांगणं क्रेस्पनाही जड गेलं असतं.

गोड परफ्युम एंजलनंच पहिल्यांदा आणला असं मात्र नाही. शालिमार बागेचं नाव घेऊन गर्लँ कंपनीनं 1925 साली जो शालिमार काढला, तो व्हॅनिलानं ओथंबलेलाच होता, आणि आजही विकला जातो. फरक एवढाच, की शालिमारची गोडी शेजघरातली, एंजलची मिठाईच्या दुकानातली. बाईनं खाण्याच्या पदार्थासारखं दरवळावं, ही कल्पना पुष्कळांना तेव्हा हास्यास्पद वाटली. पुष्कळांना इतकी आवडली, की फ्रान्समधल्या विक्रीत एंजल थेट शनेल नंबर फाइव्हशी टक्कर देऊ लागला. आता तर मॉलमध्ये शिरलं की निम्मं काउंटर साखरेचं. 2012 मध्ये आलेला ला व्ही ए बेल घ्या, 2014 चा कॉफीच्या वासाचा ब्लॅक ओपियम घ्या, सगळी त्याच जत्रेत हरवलेली भावंडं.

वासावरून तंटे होण्याची परंपराही जुनीच. 1985 मध्ये दिओरनं पॉयझन काढला. नाव विष, आणि दरवळ असा, की अमेरिकेतल्या काही रेस्टॉरंटांनी सिगारेटीबरोबर त्यालाही दाराबाहेर ठेवलं. कॅनडातलं हॅलिफॅक्स शहर तर यासाठी प्रसिद्धच आहे. तिथल्या दवाखान्यांत, शाळांत, कचेऱ्यांत सुगंध लावून येऊ नका अशी विनंती केलेली असते. त्यांचंही खरं आहे. वासानं अर्धशिशी उठणाऱ्या माणसाला तुमच्या जत्रेशी काय देणंघेणं? डोळे मिटता येतात, कानांत बोटं घालता येतात, पण नाक फार वेळ बंद ठेवून कुणाचं भागत नाही.

मला वाटतं, या बाबतीत आपल्या जुन्या बायका हुशार होत्या. हळदीकुंकवाला अत्तर लागायचं, पण लावायची यजमानीण. अत्तरदाणीत काडी बुडवायची, प्रत्येकीच्या हाताला एक बोट लावायचं, वर गुलाबदाणीतून चार थेंब, पुढे सरका. सगळ्यांना एकच वास, सगळ्यांना सारखाच. तक्रार करायला जागा कुठे? तक्रार केलीच तर ती यजमानणीच्या अत्तराची व्हायची, तीही घरी गेल्यावर. पुरुषांचा फाया तर कानाच्या पाळीत लपलेला. त्याचा वास घ्यायचा तर कानगोष्टीच करायला हव्यात. माप हे दुसऱ्याच्या हातात होतं, ही त्यातली खरी युक्ती. फवाऱ्याची बाटली आली आणि माप गेलं लावणारीच्या हातात, म्हणजे नेमक्या त्या एका माणसाच्या हातात, जिच्या नाकाला त्या वासाची सवय झालेली असते. नाक थकतं. रोजचा वास ते मोजतच नाही. मग वाटतं, बाटली जुनी झाली, जोर गेला. अजून एक फवारा. मग अजून एक, पदरावर.

धाकटी हे जाणते. निघण्यापूर्वी ती माझ्यासमोर उभी राहते आणि विचारते, "वहिनी, जास्त झालंय का हो?" या प्रश्नाचं खरं उत्तर मी अजून दिलेलं नाही. कारण मला तो वास आवडतो का, हे मला नीट सांगताच येत नाही. मॉलमधल्या मुलीनं कागदाच्या पट्टीवर मारून दिला तेव्हा मला मळमळलं होतं. एकदा बँकेच्या रांगेत कुणा अनोळखी बाईच्या अंगाला आला तेव्हा मनात आलं, काय हा भपका, तोही सकाळी अकरा वाजता. आणि तोच वास आमच्या जिन्यात आला की मी ओट्यावरचा पसारा आवरून आधण ठेवते, कारण धाकटी आली, आता तासभर गप्पा. वास तोच, इथाइल माल्टॉल तेच, पॅचौली तीच. परफ्युमवर आपण जी मतं देतो, त्यांतली अर्धी तरी बाटलीच्या बाहेरच्या गोष्टींवर दिलेली असतात: कुणी लावला, किती वाजता, आणि तिचं आपलं सध्या बरं आहे का. नणंदबाईंचं आणि धाकटीचं त्या महिन्यात बरं नव्हतं, एवढंच सांगते.

म्हणून सगळ्यांना पटेल असा परफ्युम शोधायचा नाद तिनं सोडून द्यावा, असं माझं मत आहे. फवारे दोनच मारावेत, लिफ्टमध्ये जायचं असेल तर एक, आणि दवाखान्यात जायचं असेल तर बाटली कपाटातच राहू द्यावी. बाकी बोलणाऱ्यांना बोलू द्यावं. ज्याच्यावर कुणीच बोललं नाही असा वास म्हणजे फार तर धुतलेला टॉवेल. तो चांगलाच असतो, पण त्याला घेऊन कुणी रिसेप्शनला जात नाही.

यावर धाकटी म्हणाली, "पण सगळ्यांना आवडतो असा एक तरी वास असेलच ना वहिनी? पहिल्या पावसाचा?" मुद्दा बिनतोड होता. कनौजला तर भाजलेल्या मातीपासून त्या वासाचं अत्तरच काढतात, मिट्टी अत्तर म्हणतात त्याला. तिनं ते मागवलं, इवलीशी कुपी आली, आणि संकष्टीला दोघींनी मनगटाला लावलं. आत्याबाई चंद्रोदयाची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, आणि छताकडे बघून म्हणाल्या, "वरच्यांचा नळ गळतोय वाटतं. भिंतीला ओल आलीय."