नळ स्टॉप ते चांदणी चौक, सेकंड गिअरमध्ये

कोथरूड सपाट आहे असं ज्याला वाटतं, त्यानं फियाट चालवलेली नाही. नळ स्टॉपहून निघावं, पौड फाट्याला उजवी वाट धरावी आणि थेट चांदणी चौक गाठावा. हा पाचएक किलोमीटरचा प्रवास आजच्या गाडीत बसलेल्याला सपाटच वाटतो. सिग्नल लागतात, खड्डे लागतात, एखादी रिक्षा मध्येच विचार बदलते. चढ मात्र लागत नाही. हाच रस्ता प्रीमियर पद्मिनीला विचारा. पौड फाट्याला ती टॉपमध्ये ऐटीत येते, आनंदनगरच्या पुढे थर्ड मागते, कोथरूड डेपो मागे पडला की सेकंड, आणि त्यापुढे ती काय मागेल ते मालकानं घरून निघतानाच देवापुढे मागून ठेवलेलं असतं. डहाणूकर कॉलनीपासून आयडियल कॉलनीपर्यंत जुन्या गाड्यांच्या आठवणी इतक्या लाडानं का निघतात, याचं उत्तर मला या सेकंड गिअरमध्ये दिसतं. त्या आठवणी गाड्यांच्या नसतातच, चढांच्या असतात. गाडीनं रस्ता मालकाच्या अंगावर आणला, म्हणून तो अजून अंगात आहे.

पुरावा हवा असेल तर अशा आठवणींची वाक्यरचना तपासावी. जुन्या गाडीबद्दल बोलणारा माणूस दुसऱ्याच वाक्यात एखाद्या गावाचं नाव घेतो. फियाट चांगली होती की वाईट, हा मुद्दाच निघत नाही. ती पसरणी घाटात कुठल्या वळणावर थांबली, वाठारला फॅनबेल्ट कुणाकडे मिळाला, माणगावला मेकॅनिक जेवायला गेला होता तो केव्हा परतला, हे निघतं. सगळी वाक्यं सप्तमीत. नव्या गाडीबद्दल बोलताना तोच माणूस आकड्यांत शिरतो: कितीला पडली, किती देते, हप्ता किती, एअरबॅग किती. गाव एकही येत नाही. पुण्याहून महाबळेश्वरला किती वेळ लागला हे तो मिनिटांत सांगेल, पण मध्ये काय लागलं असं विचारलंत तर 'टोल' म्हणेल. व्याकरण खोटं बोलत नाही, निदान पुण्यात तरी त्याला तशी परवानगी नाही.

आता यामागचं यंत्रशास्त्र. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद जेमतेम चाळीस घोड्यांची, आणि त्यातलेही काही घोडे कायम आजारी रजेवर. पुढचं सीट अखंड, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे पुढे तिघे सहज मावत आणि मागे किती मावतात हे मुलांच्या वयावर ठरे. डिकीत ट्रंक, ट्रंकेवर पिण्याच्या पाण्याचा कॅन आणि शेजारी रेडिएटरच्या पाण्याचा दुसरा कॅन. या दोन कॅनची अदलाबदल हा अनेक घरांतला वादाचा विषय. एवढं ओझं घेऊन उन्हात घाट चढताना इंजिनाच्या कुशीतला पेट्रोलपंप तापायचा, नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्बोरेटरला पेट्रोलऐवजी नुसता वास मिळायचा. गॅरेजवाला याला एअर लॉक म्हणायचा. उपाय एकच: बोनेट उघडायचं, फडकं भिजवायचं आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवावी तसं ते पंपावर ठेवायचं. घडी सुकली की पुन्हा भिजवायची. दहा मिनिटांत ताप उतरे, कधी वीस. एवढा वेळ अख्खं कुटुंब रस्त्याच्या कडेला उभं. माणूस वीस मिनिटं एका जागी उभा राहिला की ती जागा त्याला दिसू लागते: करवंदाची जाळी, मैलाचा दगड आणि त्यावर पुसट झालेला आकडा, खालच्या वाडीतून वर येणारी पायवाट, आणि त्या पायवाटेनं येऊन 'गाडी तापली का?' असं अगदी निरागसपणे विचारणारे गृहस्थ. आजच्या गाडीतून हा घाट काचेआडून सरकतो. त्याला प्रेक्षणीय म्हणता येईल, पण ओळखीचा म्हणता येणार नाही.

गाड्यांच्या नावांतही ही जवळीक दिसते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकातल्या त्या गोलमटोल, नाकाड्या गाडीला महाराष्ट्रानं 'डुक्कर फियाट' म्हटलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत. गाडी थांबली की ती कान पसरून उभी आहे असं वाटे. त्यानंतरची 1100 1972 मध्ये प्रेसिडेंट झाली आणि 1974 मध्ये पद्मिनी. एकाच घराण्यात डुकरापासून चितोडच्या राणीपर्यंत अशी बढती वीस वर्षांत झाल्याचं उदाहरण इतिहासात दुसरं सापडायचं नाही. पण लोकांनी काय केलं? पाटीवर राणी असली तरी तोंडी 'फियाट'च ठेवली. स्टँडर्ड हेरल्डचं वेगळंच. 948 सीसीची ही मद्रासची गाडी उघडली की बोनेटबरोबर मडगार्ड, दिवे, सबंध तोंडच पुढे कलंडे; मालक इंजिन बघतो आहे की गाडी मालकाला गिळते आहे, हे लांबून समजत नसे. मात्र ती 25 फुटांत वळे. मयूर कॉलनीच्या गल्ल्यांत समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांचे चालक एकमेकांकडे न बघता मोबाईल बघत बसतात, तेव्हा या 25 फुटांची फार आठवण होते. अँबॅसिडरबद्दल कोथरूडकर फारसं हळवं बोलत नाही. ती सरकारी असायची, तिच्यात बसणारा आणि तिला धक्का मारणारा हे दोन वेगळे पगार होते, आणि आठवण फक्त धक्का मारणाऱ्याकडे शिल्लक राहते.

बोरघाटातला शिंगरोबा हा माझ्या बाजूचा साक्षीदार. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आहे आणि येणाराजाणारा तिथे नाणं टाकून पुढे जाई. श्रद्धा होतीच, मी नाकारत नाही; पण ऐन चढात थांबायला गाडीलाही निमित्त हवं होतं. नमस्कार मालकानं करायचा आणि दम रेडिएटरनं घ्यायचा, असा सगळ्यांच्या सोयीचा व्यवहार. नारळ देवाला, त्याचं पाणी मुलांना, कॅनमधलं पाणी गाडीला. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या गाडीला दम लागत नाही, त्यामुळे तिच्या वाट्याला शिंगरोबाही येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गाडी कसली, तारुण्य गोड होतं, जुनं ते सोनं म्हणण्याचा हा वयाचा आजार आहे. हे खरं असतं तर तरुणपणच्या सगळ्याच गोष्टी गोड लागायला हव्या होत्या. त्याच काळात रॉकेलची रांग होती, फोनच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा होती, दातांचे डॉक्टरही होते. दाढ काढल्याची आठवण डोळ्यांत पाणी आणून कुणी सांगत नाही, निदान त्या अर्थाचं पाणी आणून नाही. पद्मिनीसाठीही नाव नोंदवून वर्षं काढावी लागत. पण त्या नोंदणीच्या पावतीबद्दल कुणी हळवं होत नाही, पसरणीच्या वळणाबद्दल होतं. म्हणजे स्मृती निवड करते, आणि ती वयाकडे बघून करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. चढ कळणं एवढं मोलाचं असेल तर पायी चालावं. गाडीचं कौतुक कशाला? अण्णासाहेब कर्वे हिंगण्याहून रोज चालत फर्ग्युसनमध्ये शिकवायला जात, पावसाळ्यात चिखल तुडवत. या रस्त्याची त्यांच्याइतकी ओळख कुठल्याही फियाटवाल्याला झालेली नाही, हे कर्वे पुतळ्याला वळसा घालताना प्रत्येकानं मान्य करावं. मात्र चालणारा हिंगण्याहून फर्ग्युसनला पोचतो, सहकुटुंब, सट्रंक, सडबा महाबळेश्वरला पोचत नाही. जुन्या गाडीचं गुपित तिच्या मधल्या अवस्थेत होतं: चढ कळावा इतकी ती अशक्त होती आणि तो चढून जाईल इतकी सशक्त. यापेक्षा अशक्त असती तर लोकांनी ती भंगारात दिली असती. यापेक्षा सशक्त निघाली तेव्हा काय झालं ते आपण बघतोच आहोत.

म्हणजे मारुती. 1983 च्या 14 डिसेंबरला ती आली आणि इथे तिसरा आक्षेपवाला खुर्ची पुढे ओढतो: फियाट एवढी लाडकी होती तर ती विकून लोकांनी मारुती 800 का घेतली? घेतली, कारण प्रत्येकाला पोचायचंही असतं. 796 सीसीचं इंजिन पद्मिनीपेक्षा लहान, पण गाडीच इतकी हलकी की तीन सिलिंडरवर घाट चढून जायची आणि वर जाऊन धापही टाकायची नाही. घरातल्या बायकांनी तिचं स्वागत केलं, ते योग्यच होतं. ओलं फडकं कुणाच्या स्वयंपाकघरातून जायचं हे पुरुषांनी कधी विचारलं नव्हतं. सोय आणि स्मृती यांचे हिशेब वेगळ्या वह्यांत लिहिले जातात, एवढंच माझं म्हणणं. मारुतीचीही आठवण निघते, नाही असं नाही, पण ती बहुधा 'आमची पहिली गाडी' अशी निघते, जागेशिवाय. अपवाद पावसाळ्यातल्या ताम्हिणीचा: पाण्यातून काढताना ती बंद पडली असेल, तर ती जागा अगदी पिंपळासकट सांगितली जाते. माझा मुद्दा अपवादानंही सोडला नाही.

धूर आणि सुरक्षा यांबाबत मात्र मी वाद घालत नाही. जुन्या गाडीमागून स्कूटरवर जाणाऱ्याला तिच्याबद्दल प्रेम वाटण्याचं कारण नव्हतं, आणि पुढच्या अखंड सीटवर तिसरा बसलेला केवळ पूर्वपुण्याईवर बसलेला असे. मुंबईनं वीस वर्षांची मर्यादा घालून पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला; 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला नोंदलेली शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर थांबली. खासगी मालकाला पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी आहे, हरित कर आहे, आणि पन्नास वर्षं पुरी झाली, मूळ रूप शाबूत असलं, तर 2021 च्या नियमांप्रमाणे 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी आहे. ती घेतली की गाडी रोज वापरता येत नाही; प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला तेवढी बाहेर काढता येते. नियम करणाऱ्यांना कोथरूड माहीत नसावं. पेट्रोल नेमकं कुठल्या पंपावर भरायचं हे नियमात लिहिलेलं नाही, आणि वाईचं पेट्रोल गाडीला अधिक मानवतं असा मालकाचा अनुभव असेल तर तो खोडून कोण काढणार? दुरुस्तीचं तर बोलायलाच नको. जुन्या गाडीचा प्रत्येक प्रवास आधीपासून दुरुस्तीचाच असतो.

गंमत अशी की देशातल्या गाड्यांची परीक्षा घेणारी संस्था याच कोथरूडच्या डोक्यावर आहे. एआरएआय 1966 साली निघाली, वेताळ टेकडीवर बसली आणि टेकडीच्या त्या भागाचं नावही खाऊन गेली. जाहिरातीत तारांकित टिपेनं छापलेलं मायलेज अशा परीक्षेतून येतं. त्यासाठी गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गिअर पडतात, नळकांड्यातला धूर मोजला जातो आणि गाडी जागची हलत नाही. शास्त्र म्हणून हे चोख आहे: रिक्षा नाही, खड्डा नाही, 'गाडी तापली का?' विचारणारे गृहस्थ नाहीत. पण प्रवास म्हणून बघितलं तर किलोमीटर पुष्कळ आणि गाव एकही नाही, आणि नवी गाडी रस्त्यावर आणल्यावर आपण तिच्याकडून हेच मागतो. टेकडीखालची मेट्रो आणखी पुढे गेली आहे. 6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे कॉलेज ती सुरू झाली आणि खांबांवरून अशी समतोल धावते की आनंदनगरचा चढ खालच्या खांबांच्या उंचीत जिरून जातो. त्या चढाची खबर ठेवणारे आता दोघेच: पावसाचं वाहतं पाणी आणि पद्मिनी.

आणि अखेर चांदणी चौक. इथला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री स्फोटकं लावून उडवला, तर काँक्रीट गेलं आणि सळयांचा सांगाडा तसाच उभा. शेवटी यंत्रं लावून तो खाली आणावा लागला. जुन्या बांधणीच्या वस्तू सांगितल्या वेळी संपत नाहीत, हे फियाटवाल्याला कुणी शिकवायला नको होतं. 2023 च्या ऑगस्टपासून तिथे नवे पूल आहेत आणि त्यांना इतके रस्ते फुटले आहेत की मुळशीला निघालेला माणूस क्षणभर चुकला तर मुंबईकडे तोंड करून उभा राहतो. पाट्या आहेत, भरपूर आहेत. पण नवी गाडी त्यांच्याखालून चौथी ओळ वाचायच्या आत निघून जाते, आणि मग मोबाईलमधल्या बाई 'शक्य असल्यास मागे वळा' असं शांतपणे सांगतात. पद्मिनीचं तसं होत नाही. डेपोपासून सेकंडमध्ये आलेली ती बरोबर पाट्यांच्या अलीकडे दम टाकते. बोनेट वर जातं, फडकं ओलं होतं, मागच्या सीटवरचे खाली उतरतात आणि मान वर करून बावधन, मुळशी, सातारा, मुंबई अशा सगळ्या पाट्या दोनदा वाचून होतात. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत फडकं सुकलेलं असतं.