श्वानाची खाज आणि आठ आठवड्यांचे व्रत

पाळीव कुत्र्याला किंवा मांजराला नेमके काय सोसत नाही, हे शोधण्यासाठी मिळणाऱ्या चाचण्यांचे वर्गीकरण साधारणपणे नमुन्यावरून, म्हणजे केस, लाळ, रक्त किंवा त्वचा यांपैकी काय तपासले जाते त्यावरून केले जाते. परंतु कुटुंबसंस्थेच्या दृष्टीने पाहिल्यास त्यांचे दोनच प्रकार पडतात, एक ज्यात परीक्षा प्राण्याची होते आणि दुसरा ज्यात ती घरातल्या माणसांची होते. पहिल्या प्रकाराला मागणी अधिक का, याची मीमांसा करण्यासाठी फार खोलात जाण्याची गरज नाही.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये 'वेगळे' आणि 'कार्य' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून घडवला. मराठी परिभाषेने त्यासाठी 'अधिहर्षता' असा शब्द दिला आहे. त्यातील हर्ष हा आनंदाचा नसून रोमहर्षातला असावा, कारण रात्री दोन वाजता पलंगाखाली मागच्या पायाने कान खाजवत फरशीवर ताल धरणाऱ्या कुत्र्याच्या, किंवा तो ताल ऐकत पडलेल्या मालकाच्या मुखावर दुसरा कोणताही हर्ष आजवर दिसलेला नाही. ॲलर्जीमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते, तर दुधातील साखर न पचल्यामुळे पोट बिघडणे ही असहिष्णुता होय आणि तिच्याशी प्रतिकारयंत्रणेचा संबंध नसतो. 'संवेदनशीलता' हा तिसरा शब्द मुख्यतः घरबसल्या मागवता येणाऱ्या चाचण्यांच्या खोक्यांवर आढळतो, आणि तो इतका ऐसपैस आहे की त्यात वरील दोन्ही अर्थ पाय पसरून बसतात व वर विक्रेत्यासाठी जागा उरते.

हे खोके मागवले की त्यातून एक पाकीट आणि एक कापसाची काडी निघते. कुत्र्याचे चार केस पाकिटात घालावेत, काडी त्याच्या गालफडात फिरवावी आणि सारे टपालाने पाठवून द्यावे, एवढाच विधी असतो. काही दिवसांनी येणारा अहवाल मात्र एखाद्या किराणा दुकानाच्या साठा-नोंदीसारखा भरगच्च असतो आणि त्यात तांदूळ, कोंबडी, धूळ यांच्याबरोबर नागपूरच्या कुत्र्याने जन्मात न पाहिलेले पदार्थही लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत हजेरी लावतात. २०१९ मध्ये 'जर्नल ऑफ स्मॉल ॲनिमल प्रॅक्टिस' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ पशुवैद्यांनी अशाच एका चाचणीसाठी खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर कृत्रिम फर आणि ज्यात लाळेचा थेंबही नाही असा द्रव पाठवून पाहिला. अहवाल त्याही 'कुत्र्यां'चे आले, खऱ्या कुत्र्यांच्या अहवालांहून ते वेगळे ओळखता येईनात, आणि एकच नमुना पुन्हा पाठवला असता येणाऱ्या उत्तरांचा मेळ छापा-काट्याच्या पलीकडे बसेना. एखाद्या खेळण्यातल्या अस्वलाला गहू सोसत नाही असे निदान होणे ही विज्ञानाची हानी असली, तरी त्या अस्वलाच्या आहारात त्यामुळे फारसा फरक पडत नाही. खऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी होते आणि निरपराध भात वाडग्यातून हद्दपार होतो.

खरा चोर पुष्कळदा अन्नात नसतोच. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी हे कुत्र्यांच्या खाजेचे एक अतिशय सामान्य कारण असून, शेपटीच्या बुडाशी आणि कंबरेवर केस झडलेले दिसले की जाणकार पशुवैद्य आहाराची चौकशी करण्याआधी बारीक दातांची फणी हाती घेतो. पण 'आमच्याकडे पिसवा?' हा प्रश्न प्रतिष्ठेचा असल्यामुळे, पिसवांपेक्षा परदेशी नावाचा एखादा विकार परवडला, असे मानणारी घरे सर्वत्र आहेत.

पिसवा, गोचीड, बुरशी आणि जंतुसंसर्ग यांचा निकाल लागल्यानंतरही खाज उरली, तर अन्नाच्या ॲलर्जीचे खात्रीचे निदान करणारी चाचणी एकच आहे, आणि ती प्रयोगशाळेत नव्हे तर स्वयंपाकघरात होते. तिला वर्ज्य-आहार चाचणी म्हणता येईल. प्राण्याने पूर्वी कधीही न खाल्लेले प्रथिन त्याला किमान आठ आठवडे द्यायचे आणि त्याशिवाय कणही द्यायचा नाही, असे तिचे स्वरूप असते. किंवा जलविच्छेदित, म्हणजे ज्यातील प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारयंत्रणेने 'कुठले जोशी?' असे विचारले तरी गाव, कुळ, गोत्र कशाचाच पत्ता लागू नये, असा तयार आहार दिला जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २९७ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या असता गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, कोंबडी १५ टक्के आणि गहू १३ टक्के असे दोषी आढळले होते. यांतील दोन आरोपी दूध-पोळी या महाराष्ट्रीय श्वानांच्या पिढीजात भोजनात रोज एकाच वाडग्यात भेटतात.

कागदावर सोपी दिसणारी ही चाचणी मराठी घरात अवघड होते, आणि त्याचे मूळ उपवासाच्या परंपरेत शोधावे लागते. ज्या समाजाने उपवास म्हणजे काय खाऊ नये हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या काय काय चालते या अंगाने सोडवला, आणि साबुदाण्यापासून बटाट्याच्या वेफर्सपर्यंत सर्वांना पंक्तीत बसवले, त्याला 'दुसरे काहीही नाही' या वाक्याचा शब्दशः अर्थ घेता येत नाही. पशुवैद्याने बजावून सांगितलेल्या नियमाला पहिल्या आठवड्यातच पोटनियम फुटतात: पोळीचा शेवटचा घास हा पोळीत मोजू नये, औषधाची गोळी पेढ्यातून दिल्यास तो पेढा औषधात धरावा, आणि पाहुण्यांनी काही दिले तर ते परत कसे घ्यावे? कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन आणि टेबलाखालून भेंडीची विल्हेवाट लावणारे धाकटे चिरंजीव हे या प्रयोगातले अनियंत्रित घटक होत. आजी हा घटक नसून ती समांतर संस्था आहे, आणि तिच्या ताब्यात ग्लुकोज बिस्किटांचा डबा असतो.

दोष अन्नात नसून धूळ, परागकण अशा वातावरणातील गोष्टींत असेल, तर त्या ॲलर्जीसाठी त्वचेत सूक्ष्म प्रमाणात अर्क टोचून गांध उठते का पाहणे आणि रक्तातील 'आयजीई' ही प्रतिपिंडे मोजणे, या दोन चाचण्यांना अर्थ आहे. मात्र रोग आहे की नाही हे त्या ठरवत नाहीत, तर ठरलेल्या रोगावर लसीसारख्या दीर्घ उपचारात कोणते अर्क घालावेत एवढेच सांगतात. येथे निवड करायची ती स्थानिक यादीची. घरातील धुळीत राहणारे, कोळ्यांच्या कुळातले सूक्ष्म माइट यादीत असावेतच, पण परागकणांची यादी युरोपातली असेल तर तिच्यात भूर्जवृक्ष मानाने बसतो, आणि भूर्जपत्र फक्त इतिहासाच्या पुस्तकात पाहिलेल्या पुण्याच्या कुत्र्याला त्याचा उपयोग होत नाही. त्याला रोज फिरताना भेटते ते गाजरगवत, ज्याची भारतातील पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली.

आठ आठवडे संपून खाज थांबली, तरी अन्नाची चाचणी पूर्ण होत नाही. जुना आहार पुन्हा सुरू करावा आणि साधारण दोन आठवड्यांत खाज परतते का ते पाहावे, हा तिचा शेवटचा टप्पा असतो, आणि पशुवैद्याने तो सांगताच, आता कुठे शांत झोप लागू लागलेले सारे कुटुंब एकमुखाने नकार देते. मग निदान कोंबडीवर संशय आहे की गव्हावर एवढे तरी कळावे म्हणून पशुवैद्य विचारतो, गेल्या दोन महिन्यांत गव्हाचा पदार्थ चुकून तरी पोटात गेला होता का. त्यावर सर्वजण ठामपणे माना हलवतात, आणि आजी डब्याचे झाकण नीट बसले आहे ना हे पाहत, गव्हाचे काही नाही हो त्याला, असे इतक्या खात्रीने सांगते की पशुवैद्य पुढचा प्रश्न विचारत नाही आणि आपल्या नोंदवहीत गव्हापुढे 'निर्दोष' असे लिहून टाकतो.